नदीकाठचे रस्ते आणि सायकलचे प्रवासी

सायकल ही वस्तू आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. दुधाच्या किटल्या अडकवून गवळी तिच्यावरून जातो, मास्तर शाळेला जातात, पोस्टमन टपाल वाटतो. चाकात हवा भरली, साखळीला तेलाचे चार थेंब दिले, की आपण तिला विसरून जातो. परंतु फ्रान्स देशात या दोन चाकांनी एक फार मोठे काम केले. शहरात राहणाऱ्या माणसाला त्याच्याच देशातले खेडे त्यांनी दाखवले. हे कसे घडले, कोणत्या रस्त्यांवरून घडले, आणि ते रस्ते मुळात कोणी बांधले, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. ती आज आपणापुढे ठेवतो.

प्रथम रस्त्याचे पाहू. सायकल कितीही उत्तम असली तरी चिखलात ती चालत नाही. फ्रान्समध्ये रस्ते आणि पूल बांधणाऱ्या इंजिनियरांचे सरकारी खाते १७१६ साली स्थापन झाले, आणि त्या इंजिनियरांना तयार करणारी शाळा १७४७ साली निघाली. पॅरिसहून प्रांतोप्रांती जाणारे मोठे राजरस्ते या लोकांनी आखले. पण ते बांधले कोणी? आजूबाजूच्या खेडुतांनी, आणि तेही वेठीने. पेरणी असो की कापणी असो, सरकारचा हुकूम आला की बैल, घोडा, गाडी घेऊन रस्त्यावर हजर व्हायचे, मजुरी काही नाही. बरे, एवढे करून त्या रस्त्याचा खेड्याला उपयोग किती? राजरस्ता शिवेवरून निघून जाई आणि गावातून त्या रस्त्यापर्यंत पोचायला गुडघाभर चिखल तुडवावा लागे. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, तिच्या मागे साचलेल्या संतापात या वेठीचाही वाटा होता.

क्रांतीबरोबर वेठ गेली, पण गावरस्त्यांचा प्रश्न तसाच राहिला. तो सोडवला १८३६ सालच्या मे महिन्यात झालेल्या एका कायद्याने. या कायद्याने गावागावांना जोडणारे रस्ते राखण्याची जबाबदारी गावावर टाकली, आणि त्यासाठी प्रत्येक कुटुंबाकडून वर्षाला जास्तीत जास्त तीन दिवसांचे काम मागण्याचा अधिकार दिला. अठरा ते साठ वर्षे वयाचा धडधाकट पुरुष, घरची गाडी, घरची जनावरे, यांचे हे तीन दिवस. ज्याला काम करायचे नसेल त्याने तेवढ्या किमतीचे पैसे भरावेत. आता तुम्ही म्हणाल, ही वेठच झाली की! थोडीशी खरीच. कुरकुर होत होती, कामचुकारपणाही होत होता. तथापि फरक एवढा होता की हा रस्ता त्याच गावाच्या बाजाराचा, त्याच गावाच्या शाळेचा होता. पन्नास वर्षांत या तीन-तीन दिवसांनी फ्रान्सभर लहान रस्त्यांचे असे जाळे विणले गेले की तेवढे दाट जाळे जगात फारच थोड्या देशांत सापडेल.

यांतले पुष्कळसे रस्ते नदीच्या काठाकाठाने जातात. याचे कारण सोपे आहे. पाणी जिथून वाहते तिथे चढ कमी असतो, आणि भरलेली गाडी ओढणाऱ्या घोड्याला चढ नको असतो. फ्रान्समधली सर्वांत लांब नदी ल्वार. आर्देश भागातल्या डोंगरात ती उगम पावते आणि हजार किलोमीटरहून अधिक वाहून अटलांटिक महासागराला मिळते. तिच्या काठी मध्ययुगापासून पुराला अडवण्यासाठी मातीचे मोठमोठे बांध घातलेले आहेत. गाडीवाट या बांधाच्या माथ्यावरून जाते. एका हाताला नदीचे पात्र आणि वाळूची बेटे, दुसऱ्या हाताला खाली शेते आणि घरांची छपरे. कित्येक ठिकाणी पूर कुठवर चढला त्याच्या खुणा भिंतींवर कोरलेल्या आहेत: १८४६, १८५६, १८६६. दर दहा वर्षांनी आलेले हे तीन महापूर. बांध आहे म्हणून निर्धास्त राहू नका, असे जणू त्या खुणा सांगतात.

मग आगगाडी आली. १८४२ साली मोठ्या लोहमार्गांची योजना कायद्याने मुक्रर झाली, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत प्रवासी आणि माल दोन्ही रुळांवर गेले. घोडागाड्या बंद पडल्या. ल्वार नदीवर शिडाच्या होड्यांतून मीठ, दारू, धान्य नेणारे नावाडी होते, त्यांचा धंदा बसला. रस्त्याकाठच्या खाणावळींत चिटपाखरू फिरकेना. ही मोठी विलक्षण स्थिती होती. रस्ते तर उत्तम बांधलेले, दोन्ही बाजूंना झाडे लावलेली, मैलाच्या दगडांप्रमाणे किलोमीटरचे दगड रोवलेले, आणि त्यांवरून जायला दूरचा प्रवासीच नाही. सायकलीचा जन्म नेमका याच वेळचा आहे.

१८६० नंतर पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल लावलेली दुचाकी तयार होऊ लागली. लाकडी चाके, त्यांवर लोखंडी धाव, म्हणजे आपल्या बैलगाडीच्या चाकाचीच धाकटी बहीण. अशा दुचाकींवर बसून १८६५ च्या ऑगस्टमध्ये ऑलिव्हिए आडनावाचे दोघे भाऊ आणि त्यांचा एक सहाध्यायी पॅरिसहून निघाले, ते ऱ्होन नदीकाठच्या अविन्यों शहराकडे. अंतर सुमारे ८०० किलोमीटर. इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांचे हे धाडस फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाचा आरंभ म्हणता येईल. त्यांची हाडे किती खिळखिळी झाली असतील याची कल्पना ज्याने खडीवरून बैलगाडीचा प्रवास केला आहे त्याने करावी.

पुढे इंग्लंडात दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळी असलेली सायकल निघाली. १८८८ साली डनलॉप यांनी हवेचा टायर काढला, आणि १८९१ साली फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी चाकावरून सहज काढता येईल असा टायर तयार केला. पंक्चर काढणे आवाक्यात आले आणि सायकल खरोखर प्रवासाचे वाहन झाली.

या प्रवासाला ज्याने शास्त्र दिले त्या माणसाचे नाव पॉल द व्हिव्ही. त्यांचा जन्म १८५३ साली प्रोव्हान्समधल्या पेर्न या गावी झाला. धंदा रेशमाचा, आणि वास्तव्य सँ-एत्येन या गावात. हे गाव कोळशाच्या खाणी, रेशमी फिती आणि बंदुका यांसाठी प्रसिद्ध. बंदुकीची नळी घडवणाऱ्या कारागिरांना सायकलचे भाग घडवणे अवघड गेले नाही, आणि म्हणूनच हे गाव फ्रान्समधल्या सायकलधंद्याचे माहेरघर झाले. द व्हिव्ही यांनी पुढे रेशीम सोडले आणि सायकल हाच धंदा व ध्यास धरला. १८८७ साली त्यांनी एक मासिक काढले. ते ‘ल सिक्लिस्त’, म्हणजे ‘सायकलस्वार’, या नावाने पुढे देशभर गेले. त्यात ते ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत, आणि लोक त्यांना त्याच नावाने ओळखू लागले.

सँ-एत्येन गाव डोंगरात आहे. गावाबाहेर पडले की दक्षिणेला ११६१ मीटर उंचीची खिंड लागते. ती ओलांडली की घाट उतरून ऱ्होन नदीच्या खोऱ्यात जाता येते. व्हेलोसिओंचा आवडता प्रवास तो हाच. ईस्टरच्या सुट्टीत ते सोबत्यांसह खिंड चढत. वर कधीकधी बर्फ असे. मग कार्बाइडच्या दिव्याच्या उजेडात घाट उतरायचा आणि नदीच्या काठाने दक्षिणेकडे जायचे. वर देवदाराची झाडे, खाली फळबागा आणि द्राक्षाचे मळे, आणखी खाली गेले की ऑलिव्हची झाडे. त्या खोऱ्यात उत्तरेकडून ‘मिस्त्राल’ नावाचा जोरदार वारा वाहतो. जाताना तो पाठीवर हात ठेवून ढकलतो आणि परतताना छातीवर हात ठेवून अडवतो.

अशा मुलखात एकाच गिअरची सायकल काय कामाची? सपाटीवर ती धावते, चढावर छाती फोडते. व्हेलोसिओंनी ओळखले की चढाला वेगळे गणित पाहिजे. उंच ओट्यावर एकाच ढांगेत चढायला ताकद लागते. मध्ये दोन दगड ठेवले की म्हातारासुद्धा चढतो. वेळ थोडा अधिक लागतो, श्रम प्रत्येक पावलाला वाटले जातात. गिअरचे तत्त्व हेच. आरंभी त्यांनी दोन आकारांची दातेरी चक्रे बसवली. चढ आला की खाली उतरून हाताने साखळी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर घालायची. पुढे चालता चालता गिअर बदलण्याच्या युक्त्या निघाल्या आणि त्यांचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. गमतीची गोष्ट अशी की, शर्यतवाल्यांना हे पटेना. १९०३ साली सुरू झालेल्या ‘तूर द फ्रान्स’ या जगप्रसिद्ध शर्यतीचे चालक आंरी देग्रांज हे गिअरचे कट्टर विरोधक. चालत्या सायकलवर साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी ही यंत्रे त्या शर्यतीत १९३७ सालापर्यंत चालत नव्हती. आज जगभर डोंगरात चालणारी प्रत्येक सायकल त्या प्रवाशाच्या बाजूने साक्ष देते.

व्हेलोसिओंनी प्रवाशांसाठी काही नियमही सांगितले होते. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे. थांबावे, पण थोडे थोडे. झोप आणि अन्नावरची वासना उडेल इतके दमू नये. प्रवासात दारू, मांस, तंबाखू टाळावी. आणि शेवटचा नियम मोठा मार्मिक आहे: केवळ मिरवण्यासाठी पायडल मारू नये. ते स्वतः शाकाहारी होते आणि म्हातारपणीही रात्र रात्र सायकल चालवत. १९३० साली, वयाच्या ७६ व्या वर्षी, सँ-एत्येनमध्येच ट्रामच्या धक्क्याने त्यांचा अंत झाला. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी सायकलस्वार ती खिंड चढून जातात.

एकट्या माणसाच्या उत्साहाला संस्थेचीही जोड मिळाली. १८९० साली काही सायकलप्रेमींनी ‘तूरिंग क्लब द फ्रान्स’ ही संस्था काढली. पहिल्या महायुद्धाच्या आधीच तिच्या सभासदांची संख्या लाखावर गेली. उतारावर धोका आहे, वळण अवघड आहे, अशा पाट्या या संस्थेने रस्त्यारस्त्यांवर लावल्या. पण माझ्या मते तिचे खरे काम खेड्यातल्या खाणावळींत झाले. तिथे अंधाऱ्या खोल्या, धुळीने भरलेले जाड पडदे आणि संडासाची दुर्दशा असे. संस्थेने खोलीचा एक नमुनाच तयार केला. पांढऱ्या रंगवलेल्या भिंती, धुता येईल असे साधे सामान, भरपूर उजेड. १९०० च्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात ही खोली मांडली होती. ज्या खाणावळी स्वच्छता राखत त्यांची नावे सभासदांना कळवली जात. उपदेशाला जो खाणावळवाला बधला नसता, तो गिऱ्हाइकासाठी चुना लावू लागला!

सुरुवातीला ही चैन थोड्यांचीच होती, हेही सांगितले पाहिजे. १८९० च्या सुमारास नवी सायकल घ्यायची तर खेड्यातल्या शिक्षकाचा कित्येक महिन्यांचा पगार खर्ची पडे. सरकारने १८९३ साली तिच्यावर वर्षाला दहा फ्रँक कर बसवला, तो चैनीची वस्तू म्हणूनच. पण कारखाने वाढले, किमती उतरल्या, जुन्या सायकली स्वस्तात मिळू लागल्या. १९१४ साली फ्रान्समध्ये सुमारे ३५ लाख सायकली होत्या. शिक्षक, टपालवाला, सुईण, गवंडी, सर्वांच्या दारात ती उभी राहिली. स्त्रियांच्याही. पॅरिसमध्ये बायकांनी पुरुषी विजार घालण्यास १८०० सालच्या एका हुकमाने बंदी होती. १८९२ आणि १९०९ साली सरकारी परिपत्रकांनी त्यात सूट दिली, ती अशी की बाईच्या हाती घोड्याचा लगाम किंवा सायकलचे हँडल असेल तर विजार चालेल!

शिक्षक बंधूंना यात आणखी एक धागा दिसेल. १८७७ साली फ्रान्समध्ये एक क्रमिक पुस्तक निघाले. आईबाप गमावलेले दोन भाऊ सारा देश फिरतात आणि प्रत्येक प्रांताची शेती, धंदे, थोर माणसे यांची ओळख करून घेतात, अशी त्याची कथा. ऑगस्तीन फुये या बाईंनी ते टोपणनावाने लिहिले होते. लक्षावधी मुलांनी ते शाळेत वाचले. त्या मुलांनी फ्रान्स आधी पुस्तकात पाहिला. त्यांतली पुष्कळ मोठेपणी सायकलवर बसून तो डोळ्यांनी पाहायला निघाली.

तरीही कारखान्यातल्या मजुराला वेळ कुठे होता? रविवार सोडला तर सुट्टी म्हणजे बिनपगारी. हे बदलले १९३६ साली. लेआँ ब्लूम यांचे सरकार आले, देशभर संप झाले, आणि जूनच्या २० तारखेच्या कायद्याने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी सुट्टी मिळाली. लेओ लाग्रांज या तरुण मंत्र्याने रेल्वेचे स्वस्त तिकीट काढले, त्यात चाळीस टक्के सवलत होती. पण ज्यांना तेवढेही परवडत नव्हते, किंवा ज्यांना मोकळे फिरायचे होते, ते सायकलने निघाले. नवरा-बायको एकाच जोडसायकलवर, मागे तंबूचे गाठोडे, अशी त्या उन्हाळ्याची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. मार्क साँन्ये यांनी ब्येरव्हील येथे तरुणांसाठी पहिले स्वस्त वसतिगृह उघडले होते. अशा वसतिगृहांतही आता गर्दी झाली. कित्येकांनी जन्मात प्रथमच समुद्र पाहिला. कित्येकांनी गहू कापताना प्रथमच पाहिला.

इथे क्षणभर थांबून दुसरी बाजू पाहिली पाहिजे. ऑगस्ट महिना म्हणजे शहरच्या माणसाची सुट्टी आणि शेतकऱ्याची ऐन सुगी. स्वतःच्या शेतात राबणाऱ्याला भरपगारी सुट्टी कोण देणार? गाईचे दूध रविवारीही काढावेच लागते. बांधाच्या रस्त्यावरून गाणी म्हणत जाणारे प्रवासी आणि खाली घामाने निथळणारा शेतकरी यांची नजरानजर झाली असेल, तेव्हा प्रत्येक वेळी त्या नजरेत स्नेहच होता असे मी म्हणणार नाही. पण मोटारीच्या काचेतून झालेली नजरानजर आणि सायकलवरून झालेली नजरानजर यांत फरक आहे. सायकलवाला तहानलेला असतो. त्याला पाणी मागावे लागते, वाट विचारावी लागते, पावसात गोठ्याचा आसरा घ्यावा लागतो. ज्याला काही मागावे लागते तो फार ताठ्याने वागू शकत नाही.

चारच वर्षांनी या ओळखीची परीक्षा झाली. १९४० साली जर्मन सैन्याने फ्रान्स जिंकला आणि देशाचे दोन भाग पाडले. सीमारेषा कित्येक ठिकाणी नदीवरूनच जात होती. शेर नदीवर शनाँसो नावाचा वाडा आहे. तो पुलासारखा नदीवर आडवा बांधलेला आहे. त्याचे पुढचे दार जर्मनांच्या ताब्यातल्या भागात आणि पलीकडचे दार दुसऱ्या भागात, अशी स्थिती झाली, आणि त्या दालनातून काही माणसे गुपचूप पलीकडे निसटली. पेट्रोल मिळेना, शहरात अन्नाचा तुटवडा पडला. तेव्हा शहरातली माणसे सायकली काढून खेड्याकडे निघाली, आता बटाटे, अंडी, पीठ मिळवण्यासाठी. गुप्त चळवळीची पत्रेही सायकलवरूनच जात. सुट्टीत पाहिलेली वाट अशा वेळी उपयोगी पडली.

युद्धानंतर मोटारी वाढल्या. १९५८ साली सायकलचा कर रद्द झाला. आडमार्गावरच्या आगगाड्या बंद पडल्या, तरुण मंडळी शहरात गेली, आणि पुष्कळ खेड्यांतली शाळा व दुकान यांना कुलूप लागले. आता गाव ओस पडणार की काय, हा प्रश्न उभा राहिला. १९५१ साली एमील ओबेर या सिनेटरच्या प्रयत्नाने आल्प्सच्या भागात शेतकऱ्याच्या रिकाम्या घरात प्रवाशांना राहण्याची पहिली सोय झाली. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात आणि घर पडायचे वाचते, ही गोष्ट सर्वांना पटली आणि ती देशभर पसरली. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून ल्वारकाठी सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग आखला गेला. ऱ्होनच्या काठीही जिनीव्हाच्या सरोवरापासून समुद्रापर्यंत असा मार्ग झाला आहे. त्यांचा बराच भाग जुन्या गावरस्त्यांवरून आणि जिथून माणसे व घोडे दोरीने होड्या ओढत त्या वाटांवरून जातो. मार्ग नवा म्हणायचा, पण वाट जुनीच.

त्या वाटेने जाणाऱ्याला जवळजवळ प्रत्येक गावात पहिल्या महायुद्धात पडलेल्यांचा स्मृतिस्तंभ दिसतो. त्यावर नावे कोरलेली असतात. लहानशा गावात एकाच आडनावाची तीन-तीन, चार-चार नावे वाचली की मन सुन्न होते. बांधावर पुराच्या खुणा आहेत, खिंडीत व्हेलोसिओंचे स्मारक आहे. मात्र वर्षाचे तीन दिवस गाडी जुंपून खडी टाकणाऱ्या शेतकऱ्याचे नाव कुठेही कोरलेले नाही. त्याने तो रस्ता आपल्या बाजारासाठी केला. आपल्या नातवाच्या काळी त्यावरून शहरचा मजूर बायकोला घेऊन सुट्टीला येईल, हे त्याच्या स्वप्नातही नसेल. चांगल्या रस्त्याचे असेच असते. करणाऱ्याच्या हिशेबापेक्षा तो जास्त लोकांच्या उपयोगी पडतो.

शिक्षक बंधुभगिनींनी एक काम मुलांना जरूर द्यावे. शाळेसमोरून जाणारा रस्ता कोणी केला, केव्हा केला, आणि त्याआधी लोक कोणत्या वाटेने जात, हे घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारून लिहून आणायला सांगावे. त्या वह्यांत जो इतिहास जमा होईल तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडायचा नाही.